विध्वंसकाची साक्ष : ख्रिस्तीकरणपूर्व स्लाव विधी आणि त्यांच्या संहिता

ख्रिस्ती धर्म स्वीकारण्यापूर्वीच्या स्लाव समाजाने आपल्या धर्माचरणाविषयी स्वतः लिहिलेली एकही ओळ आज उपलब्ध नाही. इ. स. ८६३ च्या सुमारास सिरिल आणि मेथोडियस या ग्रीक धर्मप्रसारक बंधूंनी मोरावियातील कार्यासाठी स्लाव भाषेला लिपी दिली, ती ख्रिस्ती धर्मग्रंथ आणि उपासनापाठ यांच्या भाषांतरासाठी. जुने विधी ज्या धर्माने मोडून काढायचे, त्याच धर्माचे बोट धरून लेखनविद्या या समाजात आली. पेरून, वोलोस, मोकोश ही दैवतनामे, मृतांचे दहन, नवस आणि बळी, घोड्याकडून घेतला जाणारा कौल, पुतळ्यांचे बुडवणे हे सारे आजच्या वाचकापर्यंत पोहोचते ते बायझंटाइन इतिहासकार, अरब भूगोलकार, जर्मन व डॅनिश धर्मगुरू आणि कीव्हचे मठवासी यांच्या लेखनातून. यांपैकी बहुतेक ख्रिस्ती लेखकांना हे विधी नाहीसे व्हायला हवे होते. काहींनी ते नाहीसे होत असल्याचे वर्णन उघड समाधानाने केले आहे.

अशा साधनांचा वापर करताना इतिहासलेखनात सामान्यतः दोन वाटा चोखाळल्या जातात. एकीकडे लेखकाचा पूर्वग्रह वजा करून उरलेले ते तथ्य, असे गणित मांडले जाते. दुसरीकडे पूर्वग्रहामुळे सगळीच साक्ष बाद ठरवली जाते. दोन्ही वाटांवर संहिता ही मळलेली काच आहे, पुसली तर पलीकडचे दिसेल आणि नाही पुसली तर काहीच दिसणार नाही, एवढेच गृहीत धरलेले असते. बखरीच्या वाचनाने हा प्रश्न मराठी अभ्यासकाच्या परिचयाचा केला आहे. बखरीतले तपशील खोटे ठरल्यानंतरही तिची निवेदनरीती काहीतरी सांगत राहते. स्लाव विधींसंबंधीच्या संहितांबाबत याहून थोडे नेमके विधान करता येईल. विरोधी निवेदक वर्णन करतो तेथे तो सर्वांत कमी विश्वसनीय असतो, आणि सांगितलेल्या कृतीचा खुलासा करावा असे त्याला वाटते तेथे सर्वांत अधिक. खुलाशाची गरज भासते, कारण कृती त्याच्या चौकटीत बसलेली नसते.

सहाव्या शतकातील प्रोकोपियसपासूनच याचा प्रत्यय येतो. गॉथांशी झालेल्या युद्धाच्या इतिहासात तो स्लावांविषयी एक छोटे प्रकरण घालतो. वीज निर्माण करणारा एकच देव ते सर्वांचा स्वामी मानतात, त्याला गुरे आणि इतर बळी देतात. नद्या, जलदेवता व इतर काही शक्तींनाही ते पूजतात आणि बळी देतानाच भविष्य पाहतात, असे तो नोंदवतो. दैव नावाची गोष्ट त्यांना ठाऊक नाही, असेही तो म्हणतो. हे ग्रीक परंपरेत वाढलेल्या माणसाचे वाक्य आहे. दैव ही संकल्पना ज्याच्या भाषेत पायाभूत आहे त्यालाच तिचा अभाव नोंदवण्याजोगा वाटेल. पण अभाव सांगून तो थांबत नाही. आजारात किंवा युद्धात मृत्यू समोर उभा राहिला की ते बळी देण्याचे वचन देतात, आणि वाचले तर ते वचन फेडून आपला जीव त्या बळीने विकत घेतला असे मानतात, हा खुलासा तो जोडतो. 'नवस' या मराठी शब्दाने जे ध्वनित होते ते येथे जवळजवळ संपूर्ण सापडते. स्लावांच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून दिलेला तपशील हा देव-माणूस व्यवहाराचा सहाव्या शतकातील एक मौलिक पुरावा ठरतो.

कीव्हच्या इतिवृत्ताकडे, म्हणजे 'पोवेस्त व्रेमेन्निख लेत' या बाराव्या शतकाच्या प्रारंभी सिद्ध झालेल्या ग्रंथाकडे वळले की प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. त्याची उपलब्ध सर्वांत जुनी प्रत १३७७ सालची. ग्रंथाच्या आरंभी निरनिराळ्या टोळ्यांच्या चालीरीतींचे वर्णन येते. त्यात पोल्यान हे सौम्य, मर्यादाशील, सुनांची आणि सासूसासऱ्यांची लाज राखणारे. द्रेव्ल्यान मात्र पशूंसारखे जगणारे, विवाह न जाणणारे आणि पाण्याकाठून मुली पळवून नेणारे. रादिमिची, व्यातिची, सेव्हेर यांच्याकडे गावागावांमधल्या मोकळ्या जागेत खेळ आणि नृत्ये होत, आणि तेथे जिच्याशी आधी ठरलेले असेल तिला पुरुष घेऊन जाई. कीव्ह हे पोल्यानांचे नगर आणि लेखक तेथला मठवासी, एवढे लक्षात घेतले की विशेषणांची वाटणी आपोआप समजते. तरी 'जिच्याशी आधी ठरलेले असेल' हा उपवाक्यांश विशेषणांच्या ओघात न बसणारा आहे. पळवून नेणे हा जर केवळ पशुवत व्यवहार असेल, तर आधीच्या संमतीचा उल्लेख कशासाठी? निंदेच्या वाक्यातच विवाहविधीचा नियम अडकून राहिला आहे.

याच टोळ्यांच्या अंत्यविधीची हकिकत मात्र जवळजवळ निर्विकार आहे. कोणी मेले की त्याच्यासाठी 'त्रिझ्ना' करीत, मोठी चिता रचून प्रेत जाळीत, मग हाडे गोळा करून लहान भांड्यात घालीत आणि ते भांडे रस्त्याकडेच्या खांबावर ठेवीत. व्यातिची आजही असेच करतात, अशी पुस्ती इतिवृत्तकार देतो. त्रिझ्ना म्हणजे मृताच्या सन्मानार्थ होणारा विधी. त्यात खेळ किंवा झुंजी असत आणि मेजवानीही असे, असे अभ्यासक मानतात. या संदर्भात इब्न फदलान याने ९२२ मध्ये व्होल्गाकाठी पाहिलेल्या नौकादहनाचे वर्णन हमखास दिले जाते. ते अप्रतिम आहे, पण त्याने पाहिलेले 'रूस' हे बहुधा स्कँडिनेव्हियन मूळाचे होते; स्लाव विधींच्या संग्रहात त्याला मिळालेले स्थान हे त्याच्या वाङ्मयीन गुणाचे फळ म्हणावे लागेल.

अंत्यविधीचे खरे वाङ्मयीन रूपांतर याच इतिवृत्तात अन्यत्र दिसते. ९४५ मध्ये द्रेव्ल्यानांनी ईगोर राजाला ठार केले आणि त्याची विधवा ओल्गा हिला आपल्या राजाशी विवाह करण्याचा निरोप पाठवला. पहिल्या दूतांना ओल्गाने नौकेतच बसवून वाहून आणवले आणि नौकेसह खड्ड्यात जिवंत पुरले. दुसऱ्यांना स्नानगृहात पाठवून ते पेटवून दिले. तिसऱ्या वेळी ईगोरच्या थडग्यापाशी त्रिझ्ना मांडून, मद्य पाजून द्रेव्ल्यानांची कत्तल करवली. नौका, स्नान आणि अग्नी, मेजवानी ही प्रेताच्या संस्काराची क्रमवार अंगे आहेत, आणि वराकडची माणसे ती मागणीचा सन्मान म्हणून स्वीकारतात, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ओल्गा त्यांना विधीच्या भाषेत कोडे घालते; ज्याला ते उकलत नाही तो मरतो. या प्रसंगांची ऐतिहासिकता शून्य मानली तरी, एवढी गोष्ट ऐकणाऱ्या श्रोत्याला त्या विधीची भाषा येत असली पाहिजे. ओल्गा पुढे ख्रिस्ती झाली, संतपदाला पोहोचली. तिच्या चरित्रात ही कथा ठेवताना मठवासी लेखक अडखळलेला दिसत नाही, हे नवल खरे.

इतिवृत्तातील सर्वांत परिचित प्रसंग ९८० आणि ९८८ या दोन नोंदींत विभागलेला आहे. ९८० च्या नोंदीनुसार व्लादिमिर राजाने वाड्याबाहेरच्या टेकडीवर मूर्ती उभारल्या. लाकडी पेरूनचे मस्तक रुप्याचे आणि मिशा सोन्याच्या. सोबत खोर्स, दाझबोग, स्त्रिबोग, सिमार्ग्ल आणि मोकोश. करारांच्या शपथांत पेरूनबरोबर येणारा पशुदैवत वोलोस या यादीत नाही, यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. यादी हा प्रकारच फसवा असतो. ख्रिस्ती प्रवचनांच्या हस्तलिखितांत सिमार्ग्लचे 'सिम' आणि 'र्ग्ल' असे दोन देव झालेले आढळतात. नकलाकाराच्या लेखणीने एका शब्दाचे दोन तुकडे केले आणि पुढच्या काही अभ्यासकांनी दोन्ही तुकड्यांना स्वतंत्र कार्यक्षेत्रे बहाल केली.

९८८ ची नोंद मात्र सावकाश वाचली पाहिजे. राजाने मूर्ती पाडण्याची आज्ञा दिली. काही तोडल्या, काही जाळल्या. पेरूनला मात्र घोड्याच्या शेपटीला बांधून टेकडीवरून ओढ्यापर्यंत फरफटत नेले आणि बारा माणसांनी त्याला काठ्यांनी झोडपले. येथे निवेदक मध्येच थांबतो आणि सांगतो की लाकडाला काही कळते म्हणून नव्हे, तर त्या रूपाने माणसांना फसवणाऱ्या सैतानाचा अपमान व्हावा म्हणून हे केले. मग मूर्ती नीपर नदीत लोटली. ती काठाला लागली तर ढकलून द्या, धबधब्यांपलीकडे गेली की सोडा, अशी आज्ञा होती. बाप्तिस्मा न झालेले लोक तिच्यासाठी रडले. अखेरीस वाऱ्याने ती ज्या वाळवंटी किनाऱ्यावर टाकली त्याला पेरूनचेच नाव पडले. यानंतर लगेच कीव्हच्या लोकांचा त्याच नदीत बाप्तिस्मा होतो.

लाकडाला काही कळत नाही हे ज्याला पटलेले आहे, त्याने ते लाकूड इतर मूर्तींप्रमाणे जाळून टाकले असते. फरफटणे, मारणे, पाण्यात सोडणे, हद्दीपलीकडे जाईपर्यंत सोबत करणे आणि या सगळ्याला रडण्याची साथ असणे, या कृतींचा क्रम धर्मशास्त्रातून निघत नाही. तो स्लाव प्रदेशांत अनेक शतके आढळणाऱ्या एका वार्षिक विधीशी जुळतो. हिवाळा संपताना मार्झाना किंवा मोराना नावाची गवती बाहुली गावातून मिरवत नेऊन पाण्यात बुडवायची किंवा हद्दीबाहेर टाकायची. चौदाव्या शतकात प्राग येथील धर्मसभेने मृत्यूची प्रतिमा मिरवण्याच्या या प्रथेवर बंदी घातली होती. पोलंडचा पंधराव्या शतकातील इतिहासकार यान द्वुगोश या प्रथेचा उगम सांगतो तो असा : मिएश्को राजाने दहाव्या शतकात मूर्ती पाण्यात फेकवल्या, त्याची ही आठवण आहे. द्वुगोशच्या लेखी मूर्तिभंगातून विधी जन्मला. कीव्हच्या नोंदीवरून उलट अनुमान निघते, की मूर्तिभंगाने आपले रूप विधीकडून घेतले. राजाला मूर्ती नाहीशी करायची होती आणि लोकांना ती 'घालवायची' एकच रीत माहीत होती. आता इतिवृत्तकार घटनेनंतर शतकभराने लिहितो, आणि त्याच्यापुढे ग्रीक नमुने होते, हा आक्षेप योग्यच आहे. पण तपशील रचलेला असेल तर प्रश्न फक्त पुढे सरकतो. मग मठवाशालाही देव घालवण्याची तीच रीत सुचली असे म्हणावे लागते, आणि त्या सुचण्याची त्याला भीती वाटली म्हणून त्याने सैतानाच्या अपमानाचा खुलासा जोडला.

मूर्ती गेल्यानंतर जे उरले त्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून रशियन अभ्यासात 'द्वोयेवेरिये', म्हणजे दुहेरी श्रद्धा, हा शब्द रूढ झाला. एका अनाम 'ख्रिस्तप्रेमी'च्या मध्ययुगीन प्रवचनात दोन श्रद्धांमध्ये जगणाऱ्यांची निर्भर्त्सना आहे; ते पेरून आणि मोकोश यांना मानतात, धान्य वाळवण्याच्या कोठारातील अग्नीची प्रार्थना करतात. मध्ययुगीन वापरात या शब्दाचा रोख डळमळीत, अप्रामाणिक श्रद्धेकडे होता. दोन धर्मांच्या मिश्रणाचे शास्त्रीय नाव म्हणून तो अभ्यासकांनी घडवला, असे ईव्ह लेव्हिन (१९९३) आणि स्टेला रॉक (२००७) यांनी सप्रमाण मांडले आहे. प्रवचनांपेक्षा कितीतरी उपयुक्त आहेत ती रुक्ष प्रश्नोत्तरे. बाराव्या शतकात नोवगोरोदचा किरिक नावाचा धर्मोपदेशक बिशप निफोंत याला पापक्षालनाविषयी बारीकसारीक प्रश्न विचारतो. त्यांत रोद आणि रोझानित्सा यांच्यासाठी पाव, चीज आणि मध वाढणाऱ्यांचे काय करावे, असाही एक प्रश्न आहे. येथे अलंकार नाही, संताप नाही. जन्माशी निगडित शक्तींपुढे पान मांडणारी माणसे किरिकला रोज भेटत होती आणि त्याला फक्त उत्तर हवे होते.

याउलट पांडित्यपूर्ण संहितांनी देव निर्माणही केले. इव्हान कुपाला हे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या सणाचे लोकनाम, 'कुपाती' म्हणजे न्हाणे या क्रियापदाशी जोडलेले. सतराव्या शतकातील एका इतिवृत्तात कुपालो हा प्राचीन देव होऊन बसला. हेल्मोल्ड या जर्मन धर्मगुरूने बाराव्या शतकात एल्बेपलीकडच्या स्लावांविषयी लिहिताना त्यांच्या मेजवानीत फिरणाऱ्या पेल्याचे वर्णन केले; त्यावर एका चांगल्या आणि एका वाईट देवाचे नाव घेत, आणि वाइटाला 'चेर्नोबोग', काळा देव, म्हणत. चांगल्याचे नाव त्याने दिले नाही. नंतरच्या अभ्यासकांनी व्याकरणाच्या जोरावर 'बेलोबोग', पांढरा देव, घडवून जागा भरली. विधीतील खरी गोष्ट, एकच पेला दोघांच्या नावाने फिरणे, या द्वंद्वाच्या आकर्षणात मागे पडली.

विरोधी साक्षीचे मोल ठरवायला सर्वांत चांगले स्थळ म्हणजे बाल्टिक समुद्रातील र्यूगेन बेटावरचे आर्कोना. तेथील स्वांतेविताचे मंदिर ११६८ मध्ये डेन्मार्कचा राजा वाल्देमार पहिला आणि बिशप आब्सालोन यांनी उद्ध्वस्त केले. वर्णन करणारा साक्सो ग्रामाटिकुस हा आब्सालोनच्याच आश्रयाने लिहिणारा. आपल्या आश्रयदात्याने जिंकलेली मूर्ती त्याने प्रचंड, चार मस्तकांची रंगवावी हे साहजिकच होते. मूर्तीच्या हाती शिंग असे. पुजारी दरवर्षी ते मद्याने भरून ठेवी आणि सुगीनंतर पातळी किती उतरली ते पाहून पुढच्या वर्षीच्या पिकाचे भाकीत करी. गाभारा झाडताना तो श्वास रोखून धरी आणि श्वास सोडायला दाराशी येई, कारण मर्त्य माणसाच्या श्वासाने देव विटाळू नये. जमिनीत रोवलेल्या भाल्यांवरून पांढरा घोडा चालवून युद्धाचा कौल घेत. उजवा पाय आधी पडला तर शुभ.

या तपशिलांत एक कृती विचित्र आहे. जवळजवळ पुरुषभर उंचीची, मध घातलेली गोल पोळी पुजारी स्वतःपुढे उभी करी आणि लोकांना विचारी, मी दिसतो का? दिसतो, असे उत्तर आले की, पुढच्या वर्षी न दिसो, अशी इच्छा तो व्यक्त करी. साक्सो लगेच स्पष्ट करतो की पुजारी स्वतःचे किंवा लोकांचे मरण मागत नव्हता, पुढच्या सुगीची भरभराट मागत होता. कीव्हच्या मठवाशाप्रमाणेच हाही निवेदक थबकतो, कारण वाक्याचा उघड अर्थ आणि विधीचा अर्थ यांत अंतर आहे. विजेत्याच्या स्तुतीसाठी हा प्रसंग मुळीच उपयोगाचा नाही. त्यात ना क्रौर्य, ना वैभव.

साक्सोनंतर सहासातशे वर्षांनी लोकवाङ्मयाच्या संग्राहकांना हाच संवाद युक्रेनमध्ये आणि बाल्कन प्रदेशात ऐकू आला. युक्रेनी घरात नाताळच्या आदल्या संध्याकाळी बाप भाकऱ्यांच्या आणि पुरणाच्या पावांच्या ढिगामागे लपतो आणि मुलांना विचारतो, मी दिसतो का? दिसत नाही, म्हणतात. पुढच्या वर्षीही न दिसो, तो म्हणतो. हर्झेगोव्हिनात नाताळची भाकरी दोघांमध्ये धरून तोच प्रश्न, तीच इच्छा. या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी साक्सोचे लॅटिन वाचले असण्याचा संभव नाही, आणि र्यूगेनचे स्लाव तर केव्हाच जर्मन भाषकांत विरून गेलेले. दोन टोकांच्या मध्ये देव नाही, मंदिर नाही, पुजारी नाही; पोळी, लपणे आणि प्रश्न एवढेच शिल्लक आहे. स्वांतेवित या नावाविषयी हेल्मोल्डने संत व्हिटसच्या विस्मृत ख्रिस्ती पूजेची कहाणी रचली आणि एका जर्मन मठाने त्या बेटावर हक्कही सांगितला. पोळीवर कोणी हक्क सांगितला नाही. कदाचित म्हणूनच ती टिकली.

एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रवादी विद्वत्तेला मात्र देव हवे होते. १८१७ च्या सुमारास व्हाक्लाव हांका याने चेक भाषेतील प्राचीन काव्याची हस्तलिखिते 'शोधून काढली'. ती बनावट असल्याचे १८८६ पासून मासारिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या वादात सिद्ध झाले, तोवर दोन पिढ्यांनी त्यांतून पूर्वजांचा धर्म वाचला होता. १८४८ मध्ये झ्ब्रूच नदीत सापडलेला, आता क्राकुव्हच्या पुरातत्त्व संग्रहालयात असलेला चारमुखी दगडी खांब कित्येकांना साक्सोचे प्रत्यक्ष चित्र वाटला. २०११ मध्ये दोन युक्रेनी पुरातत्त्वज्ञांनी तो एकोणिसाव्या शतकातच कोरला गेला असावा असा संशय मांडला आणि वाद अद्याप मिटलेला नाही. अफानास्येवच्या 'स्लावांची निसर्गविषयक काव्यदृष्टी' (१८६५–६९) या तीन खंडांच्या ग्रंथात माक्स म्युलरच्या छायेत प्रत्येक विधी मेघ, वीज आणि सूर्य यांचे रूपक ठरतो. वैदिक वाङ्मयाशी स्लाव अभ्यासाचा संबंध येथे जुळला. 'बोग' आणि 'भग' यांचे नाते भाषाशास्त्राला मान्य आहे; पेरून आणि पर्जन्य यांची जोडी आकर्षक असली तरी ध्वनिनियमांच्या कसोटीला पूर्ण उतरत नाही. १९७४ मध्ये इव्हानोव्ह आणि तोपोरोव्ह यांनी इंद्र-वृत्र संघर्षाच्या धर्तीवर पेरून आणि वोलोस यांचा 'मूलभूत मिथक' म्हणून संघर्ष पुनर्रचित केला. रचना देखणी आहे. पण तिच्यात वोलोसला सर्पस्वरूप शत्रू ठरवावे लागते, आणि ९७१ च्या करारात पेरून व वोलोस एकाच शपथेत साक्षीदार म्हणून शेजारी उभे आहेत. लेव्ह क्लाइन याने २००४ मध्ये या पुनर्रचनेवर कठोर टीका केली. आज रशिया, युक्रेन, पोलंड येथे 'रोद्नोव्हेरिये' नावाने चालणाऱ्या नवपुनरुज्जीवनवादी पंथांना या ग्रंथांतून तयार देवमंडळ मिळते, हा विद्वत्तेचा अनपेक्षित वारसा आहे.

मराठी समीक्षेला व्लादिमिर प्रोप परिचित आहे तो परीकथेच्या रूपविचारामुळे (१९२८). त्याचा 'रशियन कृषिसण' (१९६३) हा ग्रंथ त्या मानाने दुर्लक्षित राहिला. मास्लेनित्सा, कोस्त्रोमा, यारिलो यांच्या पुतळ्यांना तो विस्मृत देव मानत नाही. त्याच्या मते हे पुतळे पूजेसाठी नसून नाशासाठी घडवले जातात आणि त्यांच्या अंत्ययात्रेत शोकाबरोबर हसणे असते. शेताला जी शक्ती मिळायची ती या नाशातून. देवाच्या नावाशिवाय विधी वाचण्याचा हा प्रयत्न पेरूनच्या अखेरच्या प्रवासालाही लागू पडतो.

हसणे आणि रडणे यांची ही सरमिसळ चर्चच्याच एका तक्रारीत नोंदली गेली आहे. दहाव्या शतकाच्या प्रारंभी इब्न रुस्ता सांगतो, की स्लाव स्त्रिया कोणी मेले तर चेहरा आणि हात सुरीने कापून घेतात, अस्थींची राख भांड्यात भरून टेकडीवर ठेवतात, आणि वर्ष लोटले की घरची माणसे मधाची भांडी घेऊन तेथे जमतात, खातात, पितात. १५५१ मध्ये मॉस्कोत भरलेल्या 'स्तोग्लाव' धर्मसभेपुढे एक प्रश्न आला. त्रिमूर्तीच्या सणाआधीच्या शनिवारी गावोगावचे स्त्री-पुरुष दफनभूमीवर जमतात, थडग्यांवर मोठ्याने आक्रोश करतात. मग वाद्ये घेऊन बहुरूपी येतात, त्यांनी वाजवायला सुरुवात केली की लोक रडणे थांबवतात आणि त्याच थडग्यांवर नाचू लागतात. बहुरूप्यांना दफनभूमीवर येऊ देऊ नये, असे सभेने ठरवले. जमणाऱ्यांनी काय आणले होते याची चौकशी तिने केली नाही.